प्रमाण, पाठभेद आणि प्रश्नपत्रिका : पिंपरी-चिंचवड-चाकण परिसरातील साहित्यवाचनाचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयात साहित्याचे चिकित्सक वाचन आणि लेखन कसे शिकवावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा अभ्यासक्रम, मूल्यमापनपद्धती आणि विद्यार्थ्यांची पूर्वतयारी या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहते. त्यातील तिसऱ्या मुद्द्यामागे एक गृहीतक असते. ग्रामीण अथवा कामगार कुटुंबातून आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधर पिढीच्या विद्यार्थ्याजवळ वाचनाची परंपरा नसते. म्हणून त्याला सर्व काही मुळापासून शिकवावे लागते, असे हे गृहीतक आहे. प्रस्तुत निबंधात हे गृहीतक एका मर्यादित भूभागाच्या इतिहासावर तपासून पाहिले आहे.

हा भूभाग म्हणजे पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा होय. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांचे रूप पालटले. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली आणि पुढे मोटारउद्योगाचा विस्तार चाकणकडे सरकला. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय, आकुर्डीचे प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय यांसारख्या संस्थांचा विद्यार्थीवर्ग या स्थित्यंतरातून घडलेला आहे. कामगारांची मुले, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांची मुले, मराठवाडा-विदर्भातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले आणि स्वतःच पाळीत काम करून शिकणारे तरुण, असा हा वर्ग आहे.

परंतु याच पट्ट्यात देहू आहे, आळंदी आहे. संताजी जगनाडे यांचे चाकण आणि त्यांची समाधी असलेले सुदुंबरे आहे. खेड तालुक्यातील कडूस आहे. कारखान्यांच्या नकाशावर ही नावे अपवादाने येतात आणि मराठी साहित्याच्या तासाला ती केवळ संतचरित्रातील स्थळे म्हणून येतात. वाचनाच्या इतिहासातील स्थळे म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात नाही. ते पाहिले तर काय हाती लागते, हे पुढे मांडले आहे.

महाविद्यालयाबाहेर घडलेली चिकित्सा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषांचे स्थान गेले आणि अभिजात भाषांना ते मिळाले. मराठी पुन्हा विद्यापीठात यावी म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी लिहिलेले इंग्रजी टिपण याच प्रयत्नांच्या काळातले आहे. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, एम. ए. च्या पातळीवर मराठीला प्रवेश मिळाला.

या मधल्या काळातच, मराठीला विद्यापीठाच्या वर्गात जागा नव्हती तेव्हा, तुकोबांच्या गाथेचे पहिले मोठे चिकित्सक संपादन झाले, ही बाब लक्षणीय आहे. मुंबई सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपयांचे अनुदान दिले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने हे काम केले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ या वर्षी गाथेचे दोन भाग प्रसिद्ध झाले. विष्णुशास्त्री हे विधवाविवाहाच्या चळवळीचे अग्रणी. साहित्याचे अध्यापक अशी त्यांची ओळख नव्हती.

संपादकांनी आधाराला घेतलेल्या हस्तलिखित प्रतींमध्ये देहूची प्रत होती, तळेगावची होती, कडूसची होती आणि पंढरपूरची होती. चार प्रतींपैकी तीन आजच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या किंवा त्याच्या काठावरच्या गावांतील आहेत. त्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नव्हत्या. कोठे शब्द वेगळा, कोठे चरण मागेपुढे, कोठे एका प्रतीतील अभंग दुसरीत मुळीच नाही. संपादकांना निवड करावी लागली आणि निवड केली की तिचे कारण द्यावे लागते. चिकित्सक वाचनाची व्याख्या करताना पुष्कळदा पाश्चात्त्य संज्ञांचा आधार घेतला जातो. प्रत्यक्षात देहूची वही आणि कडूसची वही शेजारी ठेवून ‘येथे कोणता शब्द असावा आणि तो का’ असे विचारणे, एवढ्यातच तिचा गाभा सामावलेला आहे.

याच प्रश्नाला १९१९-२० च्या सुमारास वेगळे वळण मिळाले. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. संताजी हे चाकणचे तेली. परंपरेनुसार तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखक. त्या परंपरेत दुसरे नाव कडूसच्या गंगाजी मवाळांचे आहे. भाव्यांच्या गाथ्यातील अभंगांची संख्या इंदुप्रकाश आवृत्तीतील साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या तुलनेत बरीच कमी आहे. त्यांनी ग्रंथनामात घातलेला ‘अस्सल’ हा शब्द वादाला निमंत्रण देणारा होता आणि तो वाद झालाही. भावे हे ‘महाराष्ट्र सारस्वत’ या वाङ्मयेतिहासाचे कर्ते आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे एक संस्थापक. उपजीविकेने मात्र मिठाचे व्यापारी. म्हणजे तुकोबांच्या शब्दांविषयीचा दुसरा मोठा प्रश्नही महाविद्यालयाच्या भिंतींबाहेरूनच विचारला गेला.

१९५० साली तुकोबांच्या निर्याणाला तीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या संपादकत्वाखाली गाथा पुन्हा प्रसिद्ध केली आणि तिचा पायाही इंदुप्रकाश आवृत्तीचाच राहिला. आज बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत सापडते ती हीच परंपरा. तिच्या शेजारी विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा असते. या दोन ग्रंथांतील एकच अभंग काढून विद्यार्थ्यांसमोर ठेवला तर एका तासिकेचे काम आपोआप उभे राहते. तसे क्वचितच होते, हा भाग निराळा.

प्रमाण देण्याची रीत

हस्तलिखिते आणि छापील गाथा ही विद्वानांची वाट झाली. परिसरातील सामान्य माणसाची वाट वेगळी होती आणि ती अधिक रुळलेली होती. १९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची आहे. इंद्रायणीकाठी साहित्याच्या अभ्यासासाठी नियमित अध्यापन करणारी संस्था त्यापूर्वी तीन दशके चालू होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत यांचे पाठांतर, चाली, पखवाज आणि कीर्तन असा तेथील शिक्षणाचा आशय राहिला आहे. या शाखेतूनच पुढे आलेले सोनोपंत दांडेकर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, ज्ञानेश्वरीचे संपादक आणि कीर्तनकार होते. दोन्ही वर्गांत सारख्याच अधिकाराने उभे राहणारी अशी माणसे थोडी.

नारदीय असो वा वारकरी, कीर्तन ऐकून मोठ्या झालेल्या मुलाला एक गोष्ट न शिकवता येते. वारकरी कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो, त्यातील एकेक चरण सोडवतो आणि प्रत्येक विधानाला प्रमाण देतो. म्हणजे ज्ञानेश्वरीतील ओवी, नामदेवांचा किंवा तुकोबांचा दुसरा अभंग, क्वचित उपनिषदातील वचन पुढे ठेवतो. प्रमाणावाचून केलेले विधान जाणत्या श्रोत्यांना खटकते. मागे उभे असलेले टाळकरी ते प्रमाण पूर्ण करतात आणि कीर्तनकार चुकला तर ते तेथल्या तेथे लक्षात येते. शोधनिबंधातील विधान आणि आधार यांचे नाते समजावून सांगण्यासाठी याहून चांगला दाखला या परिसरातील अध्यापकाला मिळणे कठीण आहे.

तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अन्यथा परंपरेचे गौरवीकरण तेवढे पदरी पडते. कीर्तनातील प्रमाण सिद्धान्ताला बळकटी देण्यासाठी येते. सिद्धान्त आधीच ठरलेला असतो आणि त्याच्या विरुद्ध जाणारा अभंग कीर्तनकार सहसा निवडत नाही. निवडलाच तर त्याची संगती लावून दाखवतो. चिकित्सक लेखनात आधार विधानाच्या विरोधातही जाऊ शकतो आणि तसा गेल्यास विधान बदलावे लागते. गाथेत देवाशी भांडणारा, देवाच्या अस्तित्वाविषयीच निराश होणारा, संसाराच्या हिशेबात सापडलेला आणि पूर्ण तृप्त झालेला असे अनेक तुकोबा आहेत. कीर्तन त्या साऱ्यांना एका साधकाच्या प्रवासात ओवते. अभ्यासकाला ती ओवण तपासावी लागते, कारण गाथेतील अभंगांचा क्रम कालानुक्रमाने लावलेला नाही आणि प्रत्येक आवृत्तीत तो सारखाही नाही. शिवाय ‘तुकयाबंधु’ ही मुद्रा असलेले, तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा यांचे अभंगही गाथेत समाविष्ट आहेत. बोलणारा कोण, हा पहिला प्रश्नच तेथे सोपा राहत नाही.

थोडक्यात, आळंदी-देहूच्या परिसरातून आलेल्या विद्यार्थ्याला आधार द्यायला शिकवण्याची गरज नसते. आधार उलटूही शकतो, एवढेच त्याला शिकवायचे असते. ही उरलेली पायरी मोठी आहे, हे मान्य करूनही ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

प्रश्नपत्रिकेची भाषा

महाविद्यालयीन वर्गाने मात्र वेगळी वाट धरली आणि तिला कारणे होती. मराठी समीक्षेचा शास्त्रीय पाया घालणारे ग्रंथ अध्यापकांनीच लिहिले, हे विसरता येत नाही. रा. श्री. जोग यांचा ‘अभिनव काव्यप्रकाश’ १९३० चा, द. के. केळकर यांचे ‘काव्यालोचन’ १९३१ चे, के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ चा. संस्कृत साहित्यशास्त्र आणि इंग्रजी समीक्षा यांची मराठीत सांगड घालण्याचे हे काम एका पिढीने निष्ठेने केले. पुढे बा. सी. मर्ढेकर यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली आले, रा. भा. पाटणकर यांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ साली आली. हे ग्रंथ वादासाठी लिहिले गेले होते. परंतु अभ्यासक्रमात ते ‘काव्याची प्रयोजने’, ‘काव्याची कारणे’, ‘रससिद्धान्त’, ‘मर्ढेकरांचा लयसिद्धान्त’ अशा घटकांच्या रूपाने आले आणि घटक म्हटला की त्याचे उत्तर ठरते.

विद्यार्थीसंख्या वाढली तसे हे उत्तर अधिक पक्के होत गेले. एका परीक्षकाकडे शेकडो उत्तरपत्रिका, प्रत्येक प्रश्नाला ठरावीक गुण आणि मूल्यमापनात समानता राखण्याचे बंधन. अशा व्यवस्थेत प्रश्नपत्रिकेची क्रियापदे निश्चित झाली : ‘स्पष्ट करा’, ‘सोदाहरण विशद करा’, ‘थोडक्यात टिपा लिहा’, ‘या विधानाची चर्चा करा’. यांतील शेवटचे क्रियापद चिकित्सेला खुले आहे. पण चर्चेसाठी दिलेले विधान खोडून काढणारा विद्यार्थी अपवादात्मक असतो. विधान प्रश्नपत्रिकेने केले आहे, म्हणजे ते बरोबरच असणार, असा त्याचा समज असतो आणि तो शाळेपासून जोपासलेला असतो. ‘रसग्रहण करा’ या कुमारभारती-युवकभारतीच्या वर्गांतील सूचनेतही कविता चांगलीच आहे हे आधी मान्य केलेले असते. राहता राहिले पुण्यातील अप्पा बळवंत चौक आणि तेथे मिळणारी मार्गदर्शके. त्यांना दोष देणे सोपे आहे. वास्तविक मार्गदर्शक हा प्रश्नपत्रिकेचा आरसा आहे. प्रश्नाचे उत्तर आधी ठरलेले नसते तर ते छापताच आले नसते.

यामुळे काय निसटते, हे नारायण सुर्वे यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह १९६६ चा. त्यांच्या कवितेचे उत्तर ‘कामगारजीवनाचे वास्तव चित्रण’ या शीर्षकाखाली सर्वत्र सारखेच लिहिले जाते. आता हे उत्तर भोसरीतील सुट्या भागांच्या कारखान्यात वडील असलेली मुलगी लिहिते, असे समजू. सुर्व्यांचा कामगार मुंबईच्या गिरणगावातला आहे. कापडगिरणी, चाळ, लाल बावट्याची युनियन आणि मोर्चा हे त्याचे जग आहे. चाकणचा तरुण बहुधा कंत्राटी असतो किंवा प्रशिक्षणार्थी असतो. त्याची वस्ती, त्याची पाळी, त्याची संघटना (असलीच तर) वेगळी आहे. दोघांना जोडणारा ‘कामगार’ हा शब्द किती अंतर झाकतो, हा प्रश्न त्या मुलीला घरातूनच सुचू शकतो. तो विचारला की ती सुर्व्यांची कविता प्रथमच वाचू लागते. कारण कवितेतील ‘आम्ही’ कोण आणि त्या ‘आम्ही’त आपण आहोत की नाही, हे तिला शब्दांत शोधावे लागते. ठरीव उत्तरात या प्रश्नाला जागा नाही. याच औद्योगिक परिसरात टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, कर्मचाऱ्यांच्या ‘कलासागर’ने दिवाळी अंक काढले आहेत. कारखान्यात लिहिणारे-वाचणारे लोक आहेत, हे त्यावरून वेगळे सिद्ध करण्याची आवश्यकता राहत नाही.

दोन दाखले

वर्गातील वाचन याहून वेगळे होऊ शकते, याचे दोन दाखले उपयुक्त आहेत. पहिला दूरचा आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी कवीचे नाव व काळ न सांगता विद्यार्थ्यांना कविता दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांचे विश्लेषण केले. उत्तम शाळांतून आलेले हे विद्यार्थी साधा अर्थ लावतानाही अडखळत होते, साचेबंद प्रतिक्रिया देत होते आणि स्वतःच्या श्रद्धा कवितेवर लादत होते. म्हणजे पूर्वतयारीची उणीव ही केवळ चाकणची अडचण नाही. तथापि रिचर्ड्‌स यांची रीत येथे जशीच्या तशी चालणारी नाही. मुद्रेवाचून अभंग उरत नाही; तुकोबांचे नाव काढून घेतले तर अभंगाचा एक चरणच निघून जातो. येथे नाव झाकण्याऐवजी दोन प्रती उघडाव्या लागतील.

दुसरा दाखला जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या अध्यापकांच्या सहवासात तेथील विद्यार्थ्यांनी आपण शिकत असलेल्या साहित्यात आपले जगणे का नाही, असा प्रश्न केला. त्यातून लेखन आले, ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक आले आणि दलित साहित्याची चर्चा उभी राहिली. तेथील विद्यार्थीही पहिल्या पिढीचेच होते. घरातील अनुभव हा त्यांच्या वाचनातील अडथळा ठरला नाही. तोच त्यांच्या प्रश्नाचा आधार झाला.

श्रद्धेच्या गावातील वाचन

पिंपरी-चिंचवड-चाकण परिसरात अशा वाचनाला एक धार आहे आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही. तुकोबांचे वंशज आणि देहूचे सुपुत्र डॉ. सदानंद मोरे यांचा ‘तुकाराम दर्शन’ हा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि १९९८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गेल्या तीन शतकांत महाराष्ट्राने तुकोबांना कसकसे वाचले, याचाच तो इतिहास आहे. मोरे हे विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. ‘पुन्हा तुकाराम’ लिहिणारे दिलीप चित्रे कवी होते, तर साहित्य अकादमीसाठी तुकोबांवर इंग्रजीत पुस्तिका लिहिणाऱ्या भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. मराठी विभागाबाहेरून झालेल्या या वाचनांची नावे आज मराठीच्याच संदर्भसूचीत असतात. त्यांची पद्धत मात्र वर्गात आलेली दिसत नाही.

याच्या उलट टोकाचा प्रसंग पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाचे माजी प्रमुख डॉ. आनंद यादव यांच्या बाबतीत घडला. ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या यादवांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी २००८ साली आली. तुकोबांच्या पूर्वायुष्याच्या त्यातील चित्रणाला वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले आणि २००९ च्या महाबळेश्वर येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ते संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कादंबरीच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद असू शकतात. पण त्या वादात दोन्ही बाजूंकडून एक प्रश्न जवळजवळ विचारलाच गेला नाही : कादंबरीकाराने गाथेतील कोणत्या अभंगांवरून हे चित्र उभे केले आणि ते अभंग तसे वाचता येतात काय? आक्षेप भावनेच्या भाषेत घेतला गेला आणि बचाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या भाषेत केला गेला. गाथा दोघांच्याही हाताशी होती. प्रमाण मागण्याची सवय असलेल्या संप्रदायाने आणि प्रमाण देण्याचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाने ती उघडून एकत्र वाचली नाही.

२०१६ च्या जानेवारीत ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरले. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९६ साली, आळंदीच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी शांता शेळके होत्या. त्यांनीही महाविद्यालयांत मराठी शिकविलेले होते. संमेलनांनी परिसराचे नाव झाले. वर्गात मात्र तीन तासांची परीक्षा तशीच राहिली आणि तिच्यात गाथा जवळ बाळगण्याची मुभा नाही. खेड तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याला हरिपाठ आणि शेदोनशे अभंग लहानपणापासून मुखोद्गत आहेत, त्याला या निर्बंधाने काही अडत नाही. तुकोबा एका जागी असे म्हणतात आणि दुसऱ्या जागी त्याच्या उलट म्हणतात, हे तो पुस्तकावाचून दाखवू शकतो. प्रश्नपत्रिकेने अजून त्याला तसे विचारलेले नाही.